०.२५ टक्के आणि माझी उधारीची वही

१२ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ. दिवाळी होऊन गेलेली, लग्नसराईचा माल अजून उठायला लागलेला नाही. अशा दिवसांत दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बातम्या जास्त येतात. आमच्या आळीतले निवृत्त मास्तर नेहमीसारखे साखरेच्या पोत्याला टेकून मोबाईल वाचत होते. म्हणाले, "शेठ, ऐका. ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के. आकड्यांची ही मालिका सुरू झाल्यापासनं सगळ्यात कमी. संपली म्हणायची महागाई!"

नेमकी त्याच वेळी एक ताई काउंटरवर खोबरेल तेलाची बाटली उलटीपालटी करून बघत होती. किंमत वाचली, बाटली ठेवली. शेजारची धाकटी उचलली, तीही ठेवली. शेवटी सगळ्यात बारकी डबी घेऊन गेली. गेल्या दिवाळीत ज्या पैशांत मोठी बाटली यायची, त्यात आता तिची धाकटी बहीण येते. मास्तरांनी हे सगळं बघितलं आणि मोबाईल खिशात घातला.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज दुकान लवकर बंद करून लिहायला बसलोय. मी अर्थतज्ज्ञ नाही. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात किराणा दुकान चालवतो. बी. कॉम.ला असताना भावांचा निर्देशांक शिकलो होतो आणि परीक्षा झाल्यावर विसरलोही होतो. पण भाव हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी मास्तरांचा गैरसमज. महागाईचा दर ०.२५ म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नव्हे. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरला जे भाव होते, त्यांच्याशी यंदाचा ऑक्टोबर ताडून बघायचा, एवढाच त्याचा अर्थ. आणि गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आठवतोय का? महागाई ६.२१ टक्के होती. भाजीपाला वर्षात ४२.१८ टक्क्यांनी चढला होता. यंदा तोच भाजीपाला २७.५७ टक्क्यांनी उतरला. आता कागदावर मांडून बघा. २०२३ च्या ऑक्टोबरात शंभर रुपयांची भाजी २०२४ ला १४२ ची झाली, आणि २०२५ ला १०३ ची. म्हणजे दोन वर्षांत तीन रुपये. गेल्या साली डोंगरावर चढलो होतो, यंदा उतरून पुन्हा होतो तिथंच आलो. उतरणीला कौतुक करायचं तर चढणीला कुणी रडलं होतं तेही आठवावं लागेल. आणि गेल्या साली रडलेली माणसं वेगळी होती, यंदाची वेगळी आहेत.

यंदा कोण रडतंय ते मला माझ्या वहीत दिसतं.

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, तात्या म्हणू. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून त्यांनी टोमॅटो, ढोबळी मिरची असलं चालू केलं. पूर्वी ज्वारी आणि मटकीवर घर चालायचं, तेव्हा वर्षाला एकदा हिशोब व्हायचा. आता तोडा झाला की तात्या येणार, मागची बाकी भागवणार, पुढचा किराणा नेणार. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी सगळी बाकी एका दमात फेडली आणि वर नातीसाठी बदामाचा पुडा घेतला. हो, बदामाचा. मी चेष्टासुद्धा केली होती. यंदा सप्टेंबरातल्या पावसानं निम्मा माल प्लॉटमध्येच गेला, उरलेला मार्केटला नेला तर क्रेटमागं तोडणी, हमाली, गाडीभाडं जाऊन हातात काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वहीत त्यांच्या पानावर ऑगस्टपासून जमेच्या बाजूला एक आकडा नाही.

आता तात्यांचा टोमॅटो पडला म्हणून दिल्लीतला आकडा पडला. यंदाच्या ऑक्टोबरात खाण्याच्या वस्तूंचा महागाई दर उणे ५.०२ टक्के होता. डाळी उणे १६.१५. यात "उणे" हा शब्द ज्याच्या घरात येतो त्याला काय वाटतं, हे टीव्हीवरच्या चर्चेत कुणी विचारत नाही. तूर पिकवणाऱ्यालाही डाळ स्वस्त झाल्याची बातमी वाचायला मिळते, आणि तो तूर विकून माझ्याकडं डाळ विकत घ्यायला येतो. देशाचा ग्रामीण भागाचा दर त्या महिन्यात उणे ०.२५ होता, शहरी भागाचा ०.८८. खेड्यात महागाई शून्याच्याही खाली, आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यात लांब. मला या दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

बरं, हे सगळं म्हणजे आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. "सरकार आकडे बनवतं" ही पोस्ट लिहायला सोपी असते आणि तिला लाईकही भरपूर पडतात. तशी ही पोस्ट नाही. या मालिकेसाठी सांख्यिकी खात्याची माणसं १,११४ शहरी बाजार आणि १,१८१ खेड्यांतून दर महिन्याला प्रत्यक्ष भाव गोळा करायची. इतक्या मोठ्या देशात हे काम नियमानं होतं, ही लहानसहान गोष्ट नव्हे. माझ्या दुकानात इतक्या वर्षांत कुणी विचारायला आलं नाही, याची थोडी खंत आहे. आलं असतं तर चहा पाजला असता. पण गंमत अशी की, इतक्या ठिकाणचे भाव खरेखुरे गोळा केले तरी शेवटी जो एक आकडा निघतो, तो कुणाच्याच घराचा नसतो.

केरळचं उदाहरण देतो, कारण तिथं आमचं माणूस आहे.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी हा सगळा पट्टा गलाईवाल्यांचा. सराफांकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं हा धंदा घेऊन आमच्या दुष्काळी भागातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली. तुम्ही कुठल्याही राज्यातल्या सराफ कट्ट्यात जा, एका बोळात भट्टीपुढं बसलेला माणूस "काय, गाव कुठलं?" असं आपल्या भाषेत विचारेल. माझा चुलतभाऊ आबा त्रिशूरला असतो. दिवाळीला फोनवर बोलताना त्याला म्हटलं, "महागाई कमी झाली म्हणं." तो म्हणाला, "कुणाची?"

त्याचं बरोबर होतं. ज्या महिन्यात देशाचा दर ०.२५ होता, त्याच महिन्यात केरळचा ८.५६ टक्के होता. तेव्हा कित्येक महिने केरळच पहिल्या नंबरावर होतं. दुसऱ्या नंबरावर जम्मू-काश्मीर, २.९५ टक्के. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात केवढी दरी ते बघा. आणि ऐका, मी पाटीपेन्सिल घेऊन एक ढोबळ हिशोब केला. देशाच्या या निर्देशांकात केरळचं वजन साधारण साडेचार टक्के होतं. साडेआठ टक्क्यांचा दर गुणिले साडेचार टक्के वजन, हे येतं ०.३८ च्या आसपास. म्हणजे देशाच्या ०.२५ पेक्षा जास्त! एकटं केरळ बाजूला काढलं तर उरलेल्या देशाची महागाई शून्याच्या खाली जाते. आपण जो आकडा शून्याच्या वर म्हणून वाचला, तो आबासारख्यांच्या खिशातून वर राहिला होता.

कारण काय? दोन गोष्टी तर माझ्याच धंद्यातल्या आणि आबाच्या धंद्यातल्या आहेत. खोबरेल तेल आणि सोनं. खोबरेलाचा भाव वर्षात दुपटीच्या घरात गेला. आमच्याकडं खोबरेल म्हणजे डोक्याला. महिन्याला एक बाटली, महाग झालं तर डबी. केरळात तेच तेल कढईत जातं. भाजीला, माशाला, केळ्याच्या वेफर्सला, सगळ्याला. तिथं खोबरेल दुप्पट झालं म्हणजे आपल्याकडं शेंगतेल, सोयाबीन, सूर्यफूल सगळं एकदम दुप्पट झाल्यासारखं. ओणमला तिथल्या सरकारनं सप्लायको या सरकारी दुकानांतून सवलतीत खोबरेल विकलं. आपल्याकडं दिवाळीला रवा-साखरेचा शिधा वाटायचे, त्यातलाच प्रकार. (जाता जाता एक दुकानदारी गंमत: खोबरेल हे खायचं तेल की डोक्याचं, यावर कराच्या दरासाठी वर्षानुवर्षं खटला चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लहान बाटलीत भरलं म्हणून ते आपोआप केसांचं होत नाही. आमच्या त्या ताईला हे सांगायला हवं होतं.)

सोन्याचंही तसंच. ऑक्टोबरात दहा ग्रॅमचा भाव सव्वा लाखाच्या पुढं गेला, वर्षात निम्म्याहून जास्त वाढ. देशाच्या पिशवीत, म्हणजे महागाई मोजायला धरलेल्या वस्तूंच्या यादीत, सोन्याचं वजन एक टक्क्याच्या जरासं वर होतं. पण केरळात लग्नात मुलीच्या अंगावर किती सोनं असतं ते बघितलेल्याला सांगायची गरज नाही. आबाची भट्टी चांगली चालते, कारण भाव चढला की लोक जुनं मोडायला आणतात. पण घरी वहिनी त्याला म्हणते, "सोनं वितळवून काय उपयोग, तेल तर परवडंना." तर आता उलटी गंगा सुरू झालीय. पूर्वी आबा येताना केळ्याचे वेफर्स आणायचा, आता जाताना विट्यातून शेंगतेलाचा डबा नेतो. वहिनी परत शेंगतेलाच्या फोडणीवर आली.

आणि हेच त्या आकड्यात बसत नाही. आबाच्या घरची पिशवी बदलली. त्या आकड्यामागची सरकारी पिशवी मात्र २०११-१२ सालची होती. त्या वर्षी लोक कशावर किती खर्च करत होते, ते मोजून वजनं ठरवली, आणि त्याच वजनांवर हा आकडाही काढलेला. त्या यादीत व्हीसीआर-डीव्हीडी होते, कॅसेट होती, टांग्याचं भाडंसुद्धा होतं. हसायला येतं, पण खरी गडबड टांग्याची नाही, टांग्याचं वजन असून असून किती असणार. गडबड जेवणाची होती. त्या पिशवीत ग्रामीण भागासाठी खाण्यापिण्याचं वजन ५४ टक्के होतं. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ते ४७ टक्क्यांवर आलेलं दिसतं. लोकांच्या खर्चात आता मोबाईलचा रिचार्ज, पोरांच्या फिया, दवाखाना, पेट्रोल हे घुसलंय. खाण्याचं वजन गरजेपेक्षा जास्त धरलं की भाज्या पडल्यावर आकडा धाडकन पडतो, आणि टोमॅटो चढल्यावर धाडकन चढतो. जुलै २०२३ ला टोमॅटोनं ७.४४ वर नेला होता, तेव्हाही तो कुणाच्या घराचा नव्हता. फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ हे पायाभूत वर्ष (ज्या वर्षापासून मोजायला सुरुवात करायची ते) धरलेली नवी मालिका आहे. चांगलं आहे. आकडा थोडा शहाण्यासारखा वागेल. आबाला आणि तात्याला एकाच पिशवीत घालायचं काम मात्र तोही करणारच.

केरळ लांब राहिलं. एकाच राज्यात बघा. परभणीत पेट्रोल मुंबईपेक्षा महाग, कारण डेपो लांब आणि टँकरचं भाडं जास्त. सावंतवाडी-बांद्याकडची माणसं गाडीची टाकी भरायला गोव्याची हद्द ओलांडतात, कारण पलीकडं कर कमी. त्यांच्यासाठी महागाई म्हणजे हद्दीचा दगड. आणि राज्यसुद्धा सोडा, एस.टी.त चला. २५ जानेवारी २०२५ ला एस.टी.चं भाडं १४.९५ टक्के वाढलं. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मी आणि बायको सांगलीला लग्नाला गेलो तर एकाच सीटवर दोन वेगवेगळे दर बसलेले असतात. ती खिडकीत आणि स्वस्त.

माझी बहीण पुण्यात भाड्यानं राहते. तिच्या बाबतीत थोडक्यात सांगतो, कारण पुण्याचं रडगाणं सगळ्यांना पाठ आहे. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक दहा टक्के वाढवतो, वर म्हणतो "तुमच्यासाठी म्हणून कमी." शाळेची फी तशीच. तिच्या घरात भाजी स्वस्त झाल्याचा आनंद तीनशे रुपयांचा आणि भाड्याचं दुःख दीड हजाराचं. २०११-१२ च्या त्या पिशवीत खेड्यांसाठी घरभाड्याला वजनच नव्हतं, शहरात जवळजवळ २२ टक्के. तात्यांना घरभाडं नाही, तिला टोमॅटो विकायचा नाही. दोघांनी एकमेकांची महागाई घ्यायची ठरवली तर दोघंही सुखी होतील.

आता माझ्या धंद्यातलं, जे आकड्यात दिसतं पण डोळ्यांना दिसत नाही. पाचाचा पुडा. बिस्किटाचा, वेफरचा, साबणाचा. त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या पाच. पोरगं पाचाचं नाणं टाकतं आणि पुडा नेतं, त्याच्या दृष्टीनं महागाई जन्मालाच आली नाही. आत किती ग्रॅम ते बारीक अक्षरात असतं आणि दर दोन वर्षांनी ते अक्षर आणखी बारीक आणि ग्रॅम आणखी कमी. मग २२ सप्टेंबरला जी.एस.टी. उतरला. तेव्हा काही कंपन्यांनी पाचाचा पुडा साडेचाराच्या आसपास आणला, एका रुपयाचा शाम्पू ८८ पैशाला. आता ८८ पैसे कुठून आणायचे? बारा पैसे परत द्यायचे म्हणजे माझ्या आज्याच्या काळातली नाणी शोधायला लागतील. गिऱ्हाईक म्हणायचं "शेठ, बारा पैसे राहू द्या." राहू दिले. त्या आठवड्यात मी देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस होतो. पुढं ग्रॅम वाढवलेले पुडे यायला लागले आणि पुन्हा पाच म्हणजे पाच झाले.

आणि तेल. १४ सप्टेंबर २०२४ ही तारीख कुठल्याही किराणावाल्याला विचारा, लग्नाच्या तारखेआधी आठवेल. कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क लागलं. आदल्या दिवशी संध्याकाळी होलसेलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "माल नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी केला तर म्हणाला, "माल आहे, भाव नवा." एका रात्रीत गोडाऊनमध्ये तेल उगवलं. शुल्क लावलं ते सोयाबीन पिकवणाऱ्याला भाव मिळावा म्हणून. ३० मे २०२५ ला ते निम्म्यावर आणलं, ते खाणाऱ्याला दिलासा म्हणून. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारात तो मिळाला म्हणून पेढे वाटलेला शेतकरी मी तरी बघितला नाही. कांद्याचंही तेच. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी, मे २०२४ ला बंदी उठली, शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला, तोवर नाशिककडच्या कांद्याचा भाव आपोआपच खाली बसायला लागला होता. आकडा वर गेला की दार बंद करायचं आणि आकडा खाली आला की अभिनंदन घ्यायचं. खाली यायला लागणारं वजन कुणाच्या डोक्यावर ठेवलं, हे त्या अभिनंदनात येत नाही.

माझा स्वतःचा फायदा झाला तेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. रिझर्व्ह बँकेला महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते, दोन खाली दोन वर चालते. आकडा खाली खाली येत गेला तसा २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाचावर आला. माझ्या बँकेतल्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जाचं, व्याज त्यामुळं थोडं कमी झालं. म्हणजे तात्यांसारख्यांचा भाजीपाला पडला, म्हणून आकडा पडला, म्हणून व्याज पडलं, म्हणून मला तात्यांना जास्त दिवस उधार द्यायला परवडलं. साखळी पूर्ण झाली. बँकेच्या मॅनेजरला हे सांगितलं तर तो हसला. तात्यांना सांगायची माझी हिंमत नाही.

शासकीय नोकरी असलेल्या गिऱ्हाइकांचं वेगळं. त्यांचा महागाई भत्ता निर्देशांकावर हलतो, केंद्राचा जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. आमच्या इथल्या यंत्रमाग कामगारांच्या किमान वेतनातही सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता असतो, तोही निर्देशांकावर. कागदावर. लाडक्या बहिणीचे दीड हजार मात्र सुरू झाल्यापासून दीड हजारच आहेत, आणि ज्या दिवशी ते खात्यावर पडतात त्या दिवशी माझ्या वहीत जमेची बाजू हलते. माझ्यापुरता महिन्याचा आकडा बारा तारखेला येत नाही, त्या दिवशी येतो.

मास्तर काल पुन्हा आले होते. पुढचा आकडा बारा डिसेंबरला, म्हणाले, आणि या खेपेला पैज लावू. मी म्हटलं लावू, पण कुठला आकडा ते आधी ठरवा, विट्याचा, त्रिशूरचा की पुण्याचा. ते म्हणाले, "तुमच्या वहीचा." वही मी दाखवत नाही कुणाला.

आबा येतोय या महिन्याअखेरीला, चुलत्याच्या नातवाच्या लग्नाला. फोनवर म्हणाला, शेंगतेलाचे दोन डबे बाजूला काढून ठेव. ठेवतो म्हटलं. "भाव जुनाच लावणार ना?" म्हणाला. मी म्हटलं, तुझ्याकडं साडेआठ टक्क्यांनी चाललंय, माझ्याकडं शून्यानं, तेव्हा जुना भाव तुलाच शोभतो, मी आजचा लावतो. फोन कट केला त्यानं.